पाण्याची धार आणि पंपाचा जोर

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की कूलर चालू असूनही माझ्या खोलीत दुपारी ३३-३४ अंश असतात. मी घरूनच थ्रीडी अ‍ॅनिमेशनची कामं करतो. एखादं दृश्य रेंडरला लावलं की प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड तासन्‌तास पूर्ण ताकदीने चालतात. दोघांची मिळून तीनशे वॉट उष्णता, आणि टेबल लहान म्हणून कॅबिनेटही लहान. पंखे किंचाळायचे, तरी प्रोसेसर नव्वदी गाठायचा आणि स्वतःच वेग उतरवायचा. रात्रीत संपणारं काम दुसऱ्या दिवशी जेवणापर्यंत रेंगाळायचं. म्हणून वॉटर कूलिंग करायचं ठरवलं, तेही सुटे भाग आणून. तयार बंद संच सहसा प्रोसेसरपुरताच असतो आणि त्यातला पंप गेला की बहुतेक वेळा अख्खा संच टाकून द्यावा लागतो.

ब्लॉक, म्हणजे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर बसणारे, आतून पाणी वाहणारे ठोकळे, आणि पाणी थंड करणारा रेडिएटर ठरवायला फार वेळ लागला नाही. सगळं तांब्या-पितळेचं घ्यायचं आणि अ‍ॅल्युमिनियम लांब ठेवायचं, कारण एकाच पाण्यात तांब्याच्या सोबतीने अ‍ॅल्युमिनियम गंजत जातं. गाडी अडली ती पंपावर. कॅबिनेटमध्ये त्याच्यासाठी तळहाताएवढी जागा उरली होती.

नागपूरकराच्या डोक्यात पंप म्हटलं की कूलरचाच पंप येतो. घरोघरी दर उन्हाळ्यात एखादा बदलला जातो, दोन-तीनशे रुपयांत मिळतो, आणि पाण्यात बुडवून महिनोन्‌महिने चालतो. त्यावर लिहिलेले आकडेही भरघोस असतात, ताशी हजार लिटर वगैरे. मी आमच्या भागात कूलर दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेलो. ब्लॉक त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडाकडे धरून तोंडातून डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "भाऊ, याच्यातून पानी ढकलाले जोर लागते. धार मोठी असून काय फायदा? बाल्टी लावून पाहा."

त्यांच्याच दुकानात बादली लावली. मोकळ्या तोंडाने कूलरच्या पंपाने लिटरचं माप चार-पाच सेकंदांत भरलं. मग पुढे रेडिएटर आणि ब्लॉक जोडले, तर धार करंगळीहून बारीक झाली आणि तेच माप भरायला मिनिटाच्या वर गेलं. दुसरा ब्लॉक जोडल्यावर थेंबांची माळ तेवढी उरली.

यामागचं कारण समजून घेणं मला पंप विकत घेण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. प्रोसेसरच्या ब्लॉकमध्ये तांब्याच्या पट्टीत केसाएवढ्या बारीक खाचा कोरलेल्या असतात. पाण्याला जास्तीत जास्त धातू लागावा म्हणून त्या तशा असतात, आणि त्यामुळेच त्या पाण्याला अडवतात. प्रवाह दुप्पट करायचा तर साधारण चौपट दाब लागतो. खोक्यावरचा "ताशी इतके लिटर" हा आकडा समोर काहीच अडथळा नसतानाचा असतो. "हेड" म्हणून मीटरमध्ये दिलेली उंची ही पाणी पूर्ण अडून प्रवाह शून्य झाल्यावरची असते. प्रत्यक्षात पंप या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी चालतो. ते ठिकाण पंपाच्या आलेखावर सापडतं, खोक्यावर नाही.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. लोक कॅबिनेटची उंची मोजतात आणि अर्ध्या मीटरच्या कॅबिनेटला एक मीटर हेडचा पंप पुरे म्हणतात. पाण्याने पूर्ण भरलेल्या बंद चक्रात उंची आड येत नाही, कारण जेवढं पाणी वर चढतं तेवढंच दुसऱ्या बाजूने खाली येतं आणि वजन परस्पर फिटतं. उंची फक्त पहिल्यांदा पाणी भरताना नडते. त्यानंतर हेड खर्च होतं ते खाचा, फिटिंग आणि वळणं ओलांडण्यात.

मग किती प्रवाह हवा? हे गणित शाळेतलंच आहे. मिनिटाला एक लिटर पाणी वाहत असेल तर दर ७० वॉटमागे ते सुमारे एका अंशाने तापतं. माझ्या तीनशे वॉटला म्हणजे जेमतेम सव्वाचार अंश. मिनिटाला तीन लिटर केले तर दीड अंशाच्या आत, सहा केले तर पाऊण अंश. एकावरून तीनवर जाण्यात लाभ आहे, शिवाय ब्लॉकमधून उष्णताही नीट उचलली जाते. तीनच्या पुढे जे मिळतं त्याची किंमत आवाज आणि वीज या रूपात चुकवावी लागते. माझं लक्ष्य त्यामुळे ठरलं: दोन ब्लॉक आणि रेडिएटर पार करून मिनिटाला तीन लिटर.

मासे पाळणाऱ्यांच्या दुकानातले पंपही पाहिले. घरगुती वॉटर कूलिंगच्या सुरुवातीच्या काळात युरोपात अनेकांनी आयहाइम या जर्मन कंपनीचा १०४६ हा मत्स्यपेटीचा पंप वापरला होता. पाच वॉट, ताशी ३०० लिटर, हेड सव्वा मीटरच्या आसपास. तेव्हाचे ब्लॉक मोकळ्याढाकळ्या वाटांचे असल्याने त्यांना तो पुरायचा. आजच्या खाचांपुढे तो दमतो. कूलरचा काय किंवा मत्स्यपेटीचा काय, २३० व्होल्टवर चालणाऱ्या अशा छोट्या पंपांची आणखी एक अडचण आहे. त्यांची साधी सिंक्रोनस मोटर सुरू होताना कोणत्याही दिशेला फिरू शकते, त्यामुळे त्यांच्या चक्रीची पाती सहसा सरळ ठेवतात. एकाच दिशेला फिरणाऱ्या वक्र पात्यांचा जोर त्यांना येत नाही. त्यात वीज वेगळी, म्हणजे कॉम्प्युटर सुरू आणि पंप बंद असा प्रसंग कधीही येऊ शकतो. बारा व्होल्टचा पंप कॉम्प्युटरच्या एसएमपीएसवरच चालतो, दोघं एकत्र सुरू होतात आणि एकत्र थांबतात. माझ्या दृष्टीने हा मुद्दा निर्णायक होता.

बारा व्होल्टच्या पंपांत दोन नावं वर्षानुवर्षं टिकून आहेत, डी५ आणि डीडीसी. दोन्ही मूळ लाइंग या जर्मन कंपनीचे. डी५ आकाराने मोठा, शांत, मोकळा सोडला तर ताशी १५०० लिटर देणारा, हेड चार मीटरच्या जरा आत. त्याचा गोलाकार रोटर एका सिरॅमिकच्या मण्यावर तोललेला असतो, आणि मोटरची उष्णता पाण्यातच जाते. डीडीसी त्याहून पुष्कळ लहान, चौकोनी, तळहातावर मावणारा. लिटर कमी, पण हेड तगडं. १८ वॉटच्या डीडीसीचं तर पाच मीटरच्या घरात. बारीक खाचांच्या दोन ब्लॉकसाठी हाच स्वभाव हवा असतो, आणि माझी जागाही तेवढीच होती.

पण १८ वॉटच्या डीडीसीची बुडाकडची इलेक्ट्रॉनिक पट्टी तापते. तिला खालून हवा लागते. माझ्या कॅबिनेटच्या त्या कोपऱ्यात, तेही नागपुरी उन्हाळ्यात, वारा पोचणं कठीण. म्हणून १० वॉटचा डीडीसी घेतला आणि त्याचं मूळ झाकण काढून त्यावर छोटी टाकी जोडलेलं अ‍ॅक्रिलिकचं झाकण बसवलं. जागा वाचली, आणि टाकी पंपाच्या डोक्यावरच असल्याने त्याला पाणी कायम मिळत राहिलं. या पंपांना स्वतःहून पाणी ओढून घेता येत नाही, आणि त्यांचं बेअरिंग पाण्यावरच फिरतं. कोरडा पंप काही सेकंदही चालवू नये.

किंमत कूलरच्या पंपाच्या पंचवीस पटींच्या वर गेली. मला ती रास्त वाटते.

पुन्हा काकांच्या दुकानात बादली लागली. दोन्ही ब्लॉक आणि रेडिएटर जोडून लिटरचं माप वीस सेकंदांच्या आत भरलं. काकांनी पंप हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "एवढुसा? आन्‌ आवाज नाही?"

आवाजाची काळजी मात्र वेगळी घ्यावी लागली. पंप थेट पत्र्यावर घट्ट आवळला की पत्राच घुमतो. खाली जाड मऊ स्पंजची गादी ठेवली आणि स्क्रू हलके ठेवले, तेव्हा तो शांत झाला. पाणी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड, सोबत शेवाळ रोखणारं औषध. आमच्या नळाच्या जड पाण्याने त्या खाचा क्षारांनी बुजल्या असत्या. भरताना मदरबोर्डची वीज काढून ठेवली, एसएमपीएसच्या मोठ्या जोडातली हिरवी आणि काळी तार तारेच्या तुकड्याने जोडून फक्त पंप चालवला, सांध्यांखाली टिश्यू पेपर पसरले आणि हवेचे बुडबुडे निघेपर्यंत कॅबिनेट हळूहळू कलतं केलं. कागद रात्रभर कोरडे राहिले, तेव्हाच मदरबोर्डला वीज दिली. पंपाची मुख्य वीज थेट एसएमपीएसवरून घेतली आणि वेग सांगणारी तार तेवढी मदरबोर्डला दिली. पंप थांबला तर मशीन आधी ओरडतं, मग बंद होतं.

आता मे महिन्यातल्या दुपारी पूर्ण भार असताना पाणी खोलीपेक्षा बारा-तेरा अंशांनी वर, म्हणजे ४६-४७ वर स्थिरावतं. या पंपाला ६० अंशांपर्यंतचं पाणी चालतं, तेव्हा अंतर पुरेसं आहे. प्रोसेसर पंचाहत्तरीच्या आसपास राहतो आणि वेग उतरवत नाही.

तुम्हीही सुटे भाग जोडून असं काही करणार असाल तर विकणाऱ्याकडे पंपाचा आलेख मागा. आपल्याला हव्या त्या प्रवाहाला किती मीटर हेड उरतं, ते त्यावर बोट ठेवून पाहा. आलेख मिळत नसेल तर ब्लॉक, रेडिएटर, बादली आणि घड्याळ घेऊन बसा, आणि ते पाहिल्याशिवाय पैसे मोजू नका.