काळ्या पडद्यावरचे रंग

आम्ही नोकरीत नक्की काय करतो, हे भारतातल्या मावशी-आत्यांना समजावता समजावता वीस वर्षं झाली. "कॉम्प्युटरमध्ये आहे" यावर बहुधा विषय मिटतो. खरं सांगायचं तर आमचा निम्मा दिवस टर्मिनल नावाच्या काळ्या खिडकीसमोर जातो. तिथे चित्रं नाहीत, बटणं नाहीत, नुसती अक्षरं. त्या अक्षरांना रंगरूप देणं हा आमच्या धंद्यातला एक छोटासा भाग. आज त्याविषयी चार शब्द.

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचं व्हीटी-१०० हे टर्मिनल १९७८ साली आलं. एका ओळीत ८० अक्षरं, अशा २४ ओळी, आणि रंग एकही नाही. पण जादा कार्ड बसवलं की अक्षर ठळक करता येई, अधोरेखित करता येई, लुकलुकवता येई, किंवा उलटं, म्हणजे उजळ पट्टीवर काळं अक्षर, करता येई. गंमत अशी की मजकूर आणि हुकूम दोन्ही एकाच तारेतून जायचे. मग हुकूम ओळखायचा कसा? त्याआधी 'एस्केप' हे २७ क्रमांकाचं चिन्ह पाठवायचं, मग उघडणारा चौकोनी कंस, मग आकडा आणि शेवटी 'एम'. १ म्हणजे ठळक, ४ म्हणजे अधोरेखित, ७ म्हणजे उलटं. रंगीत पडद्यांवर ३१ म्हणजे लाल आणि ३२ म्हणजे हिरवा. ० पाठवला की सगळं पूर्ववत. तो शून्य राहून गेला तर पुढचा सगळा मजकूर लालच लाल! हे आकडे आजही तसेच चालतात.

त्या काळी निरनिराळ्या कंपन्यांच्या टर्मिनलचे हुकूम निराळे. १९८० च्या सुमारास बर्कलीच्या केन अर्नोल्ड यांनी 'कर्सेस' नावाचं साधन लिहिलं. 'रोग' हा गाजलेला खेळ त्याच्याच जोरावर पडदाभर फिरायचा. कर्सेस आधी समोर कोणतं टर्मिनल आहे ते बघतं, यादीत त्याचे हुकूम शोधतं आणि मगच बोलतं. त्याचा नवा अवतार 'एन्कर्सेस' १९९३ सालचा. आम्ही तोच वापरतो. त्यात 'हॅज_कलर्स' विचारायचं, म्हणजे "बाबा रे, तुला रंग येतात का?" होकार आला तर 'स्टार्ट_कलर', आणि मग 'इनिट_पेअर'ने रंगांच्या जोड्या ठरवायच्या: एक रंग अक्षराचा, एक पाठीमागचा. साडी घेतली की मॅचिंग ब्लाउज आलाच, तसं. पंगतीत "वाढू का?" विचारून वाढावं, तसाच हा शिष्टाचार आम्हाला वाटत आला आहे.

पण गेल्या हिवाळ्यात आमच्या चिरंजीवांनी या शिष्टाचाराची दुसरी बाजू दाखवली. शाळेच्या प्रोग्रॅमिंग क्लबने दिलेला तपासणीचा प्रोग्रॅम तो चालवत होता. बरोबर उत्तराची ओळ हिरवी, चुकलेली लाल. शब्दांत काही फरक नाही. बराच वेळ बघून त्याने विचारलं, "बाबा, यातलं फेल कुठलं?" आम्ही बोट ठेवलं. तो म्हणाला, "पण दोन्ही सेमच आहेत ना?"

सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आल्या त्या एकदम गप्प. मग म्हणाल्या, "आमचे अण्णा बाजारातून कच्चेच टोमॅटो आणायचे. आई चिडायची. आम्ही हसायचो." सासरेबुवांना आंबा पिकल्याचं वासावरून कळायचं, याचं आम्हाला मोठं कौतुक होतं. त्यामागचं कारण कुणी विचारलंच नाही. लाल-हिरव्यातला हा गोंधळ बहुधा आईकडून मुलाकडे येतो. आईला तो तिच्या वडिलांकडून मिळालेला असू शकतो, आणि तिला स्वतःला सहसा काही जाणवतही नाही. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारांत एकाला तो असतो, म्हणजे दुर्मिळ मुळीच नाही.

त्या शनिवारी आम्ही बापलेकांनी तो प्रोग्रॅम उघडला. रंग राहू दिले. ज्यांना दिसतात त्यांना दिसोत. पण चुकलेली ओळ 'ए_रिव्हर्स' लावून उलटी केली आणि तिच्यापुढे स्वच्छ 'फेल' असा शब्द लिहिला. व्हीटी-१०० ची जुनी युक्तीच कामी आली. चिरंजीवांनी ती क्लबच्या सरांना पाठवली, आणि आता सगळ्या मुलांकडे तीच आहे.

पडद्याला रंग येतात का, हे विचारायची सोय आहे. समोर बसलेल्या माणसाचे डोळे काय बघतात, हे सांगणारी आज्ञा मात्र एन्कर्सेसमध्ये नाही. ते माणसालाच विचारावं लागतं. तेव्हा वाचकहो, तुमच्याकडेही कच्चे टोमॅटो आणणारे आजोबा असतील, तर लेकीच्या मुलांचे डोळे एकदा तपासून घ्या. इशिहारा यांची ठिपक्यांत आकडे लपवलेली चित्रं १९१७ पासून डॉक्टर वापरत आहेत. पाच मिनिटांचं काम आहे. आणि नातू चुकीचा रंग सांगेल, तेव्हा हसू नका.