फोटोतली दुसरीच गाडी

ताई नालासोपाऱ्यात राहते आणि निर्मळजवळच्या एका शाळेत शिकवते. तिच्या राखाडी स्कूटरचं जग सोपारा, गास, निर्मळ एवढंच. मुंबई-अहमदाबाद हायवेवर ती स्कूटर घालतच नाही. ट्रकांच्या रांगेत जीव मुठीत धरून जाण्यापेक्षा लोकलमध्ये चेंगरून घेतलेलं बरं, हे तिचं जुनं मत. त्यामुळे २०२४च्या पावसाळ्यात तिच्या मोबाइलवर चलानचा मेसेज आला, तेव्हा तिनं तो सरळ दुर्लक्षित केला. त्या दिवसांत ‘आरटीओ चलान’ नावाची एपीके फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होती. उघडली की बँकेतले पैसे गायब. शाळेच्या स्टाफरूममध्ये तर त्याची धास्तीच बसली होती.

मेसेजमधल्या लिंकला हात न लावता मी महाट्रॅफिक अ‍ॅपवर गाडीचा नंबर आणि चॅसिस नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले. चलान खरं निघालं. गुन्हा, विनाहेल्मेट. दंड पाचशे रुपये. ठिकाण, खाडीपलीकडच्या एका मोठ्या शहरातला चौक. दिवस कामाचा, वेळ सकाळची पावणेअकराची, म्हणजे ताई सातवीच्या वर्गावर असण्याची.

आणि सोबत पुराव्याचा फोटो.

फोटोत काळी मोटरसायकल होती. त्यावर निळा रेनकोट घातलेला एक माणूस, डोकं उघडं. मडगार्डवर चिखल उडालेला, नंबरप्लेटवरही तो पसरलेला. ताईनं फोटो बोटांनी मोठा करत नेला. सुरुवातीला ‘एमएच-४८’ असंच वाटत होतं. वसईच्या आरटीओचा हा क्रमांक आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांत इतका बसलेला, की दुसरं काही दिसेचना. मग तिनं मोबाइल आडवा धरला. आठाचा वरचा गोल बंद नव्हता, उजव्या बाजूला उघडा होता. तो सहा होता. एमएच-४६, म्हणजे पनवेलची गाडी. पुढची अक्षरं आणि आकडे मात्र तंतोतंत ताईच्या स्कूटरचे.

“अरे, पण नंबर राहू दे,” ताई म्हणाली. “ही मोटरसायकल आहे. माझी स्कूटर आहे. हे कुणाला दिसलं नाही?”

भावोजी टीव्ही बघता बघता म्हणाले, “पाचशेच तर आहेत. भर आणि मोकळी हो.”

बहुतेक घरांत इथेच विषय संपतो. पाचशे रुपयांसाठी अर्धा दिवस रजा टाकायची, रिक्षा-लोकलचे पैसे घालायचे, कोण कोणाला विचारणार? पण दंड भरणं म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खाली गुन्हा तडजोडीनं मिटवणं. ‘मी केलंच नाही’ म्हणायची जागा त्यानंतर उरत नाही. शिवाय हेल्मेटचं प्रकरण दिसतं तेवढं स्वस्त नाही. महाराष्ट्रात डिसेंबर २०२१मध्ये दंडाचे नवे दर आले, त्यात विनाहेल्मेटला पाचशे रुपये ठरले. पण कायद्याच्या कलम १९४-ड मध्ये दंडाबरोबर तीन महिन्यांसाठी लायसन्स अपात्र ठरवण्याचीही तरतूद आहे. दर वेळी ती वापरतात असं नाही. तरी रोज स्कूटरवर शाळेत जाणाऱ्या बाईनं दुसऱ्याच्या उघड्या डोक्यापायी ही टांगती तलवार का घ्यावी?

अ‍ॅपवर तक्रार नोंदवायची सोय आहे. आम्ही स्कूटरचा फोटो, आरसी बुकाची प्रत आणि मुख्याध्यापकांकडून घेतलेलं हजेरीचं पत्र जोडलं. काही दिवसांनी तक्रार फेटाळल्याचं कळलं. कारण दिलेलं नव्हतं.

मला वाटतं, आमचं म्हणणं बरोबर होतं, पण आमचा रोख चुकीच्या कागदावर होता. हजेरीच्या पत्रावर भर देऊन आम्ही ताई कुठे होती हे सांगत बसलो. खरं तर सगळं त्यांच्याच फोटोत होतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१मध्ये १६७-अ हा नियम आला. कॅमेऱ्यासारख्या यंत्राच्या आधारे चलान करायचं तर गुन्हा आणि नंबरप्लेट दाखवणारा फोटो, तारीख, वेळ, ठिकाण आणि मोडलेलं कलम हे सगळं द्यायला हवं आणि नोटीस पंधरा दिवसांत पाठवायला हवी, असं तो सांगतो. फोटो द्यायचा तो बघण्यासाठीच ना? गाडीचा नंबर टाकला की यंत्रणेला गाडीचा प्रकार, रंग, कंपनी सगळं दिसतं. समोर ‘स्कूटर, राखाडी’ आणि फोटोत काळी मोटरसायकल. दोन्ही शेजारी ठेवून बघायला कुणाला तरी सांगावं लागतं, ही यातली गोम.

ही गफलत काही आमच्यापुरती नाही. २०२१मध्ये मुंबईत रतन टाटांच्या गाडीच्या नावावर चलानं यायला लागली. शोध घेतला तेव्हा कळलं, अंकशास्त्राच्या नादात एका बाईंनी स्वतःच्या गाडीला तोच नंबर लावून घेतला होता. जानेवारी २०२५मध्ये तर कुलाब्याच्या ताज हॉटेलपाशी एकाच नंबरच्या दोन अर्टिगा समोरासमोर आल्या. कर्जवसुलीवाल्यांना चुकवण्यासाठी एकानं नंबरातल्या शेवटच्या तीनचा आठ केला होता आणि त्याची चलानं खऱ्या आठवाल्याला येत होती. तिथे निदान लबाडी होती. आमच्याकडे नुसता चिखल.

वसईतल्या एका वाहतूक चौकीत हवालदारांनी सगळं नीट ऐकून घेतलं. फोटो बघून ते हसलेच. “आठ नाही मॅडम, सहाच आहे. पण आमच्या हातात नाही. ज्यांनी चलान केलंय, त्यांनाच रद्द करता येतं.” राज्यभर २०१९पासून एकच ई-चलान व्यवस्था आहे, त्यामुळे कुठलाही दंड कुठूनही भरता येतो, रद्द मात्र जिथल्या तिथेच होतो. जाता जाता त्यांनी चिमटाही काढला, “आता भाईंदरला जाणारी रो-रो बोट सुरू झालीय ना, मला वाटलं मॅडम स्कूटर घेऊन फिरायला गेल्या असतील.”

तोवर लोकअदालतीची नोटीस आली. थकीत चलान लोकअदालतीत मिटवा, अशा आशयाची. ताईला हायसं वाटलं. न्यायाधीशांसमोर फोटो ठेवला की झालं! वसई कोर्टात वकिली करणाऱ्या आमच्या एका ओळखीच्या काकांनी तिचा भ्रम दूर केला.

“लोकअदालतीत तडजोड होते, बाळा. दोन्ही बाजू थोडं थोडं सोडतात. तू काय सोडणार आहेस?”

“मी कशाला काही सोडू?”

“मग तिथे जाऊ नकोस. आणि एकदा तिथे निवाडा झाला की त्यावर अपीलही नाही.”

तक्रार, लोकअदालत आणि कोर्ट हे तीन वेगळे दरवाजे आहेत, हे मेसेजमधून कुणाला कळत नाही. पहिल्यात चलान रद्द होऊ शकतं, दुसऱ्यात रक्कम मिटते आणि ‘मी दोषी नाही’ हे म्हणायचं ठिकाण तिसरं. काकांनी आणखी एक सांगितलं. नुसत्या दंडाचीच शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल साधारणपणे सहा महिन्यांनंतर कोर्टाला घेता येत नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ५१४ आहे. भावोजींचे कान टवकारले. “म्हणजे गप्प बसलं तरी चालेल?” काका म्हणाले, “बसा. पण अ‍ॅपवर ते थकीत दिसतच राहणार. गाडी विकायला काढलीत की घेणारा आधी तेच बघणार.”

शेवटी ताई आणि मी खाडीपलीकडे गेलो. वाहतूक शाखेच्या खिडकीवरच्या माणसानं आरसी, आधार, अर्ज सगळं बघितलं आणि ‘तक्रार एकदा फेटाळलीय’ म्हणून परत सरकवलं. ताईनं आवाज चढवला नाही. वर्गात गोंधळ झाला की ती जशी उभी राहते, तशी उभी राहिली. “मला निर्णय बदलून नको. साहेबांनी एकदा फोटो बघावा, एवढंच.” आतल्या सहायक निरीक्षकांनी संगणकावर फोटो मोठा केला. एका बाजूला आमचा अर्ज, ज्यात या वेळी फक्त तीन ओळी होत्या. फोटोतली गाडी मोटरसायकल आहे. माझी गाडी स्कूटर आहे. नंबर एमएच-४६ आहे. हजेरीचं पत्र आम्ही मुद्दाम खाली ठेवलं होतं.

साहेब म्हणाले, “एवढ्यासाठी तुम्ही नालासोपाऱ्याहून आलात?” यात कौतुक होतं की कुचकेपणा, हे कळलं नाही. पण त्यांनी तिथल्या तिथे शेरा मारला आणि अर्जावर पोच शिक्का दिला. चलान अ‍ॅपवरून जायला आणखी वेळ लागला, पण गेलं.

पुढच्या वर्षी या सगळ्याला वाचा फुटली. मालवाहतूकदारांनी १ जुलै २०२५पासून संप पुकारला, त्यात ई-चलानच्या वसुलीविरुद्धचा राग अग्रभागी होता. त्याच महिन्यात पोलिसांनी खासगी मोबाइलवर फोटो काढून नंतर सवडीनं चलान करू नये, असं परिपत्रकही निघालं. सवडीनं नंबर भरताना सहाचा आठ व्हायला किती वेळ लागतो, हे आम्ही बघितलं होतं. एप्रिल २०१९पूर्वीच्या गाड्यांना बसवायच्या नव्या उच्च सुरक्षा नंबरप्लेटचे आकडे ठसठशीत असतात खरे. चिखलापुढे तेही काय करणार!

त्यानंतर एकदा ताईला पुन्हा मेसेज आला. तेच शहर, तीच काळी मोटरसायकल, या वेळी सिग्नल तोडल्याचा गुन्हा. भावोजींनी चष्मा लावून फोटो निरखला आणि म्हणाले, “हेल्मेट घेतलेलं दिसतंय!” ताईनं अ‍ॅपवर त्याच तीन ओळी लिहिल्या, सहाभोवती लाल गोल काढला, जुन्या अर्जाची शिक्क्यासकट प्रत जोडली. तक्रार घरबसल्या मान्य झाली. पनवेलच्या त्या गाडीवाल्याला त्याचं चलान पोचलं की नाही, हे विचारायला आम्ही पुन्हा तिकडे गेलो नाही.