तापीचे पाणी आणि काकरापार

दोंडाईचात राहणाऱ्या माणसाने काकरापारच्या अणुवीज केंद्राची चिंता का वाहावी, असा प्रश्न आम्हांला एकाहून अधिक वेळा विचारण्यात आला आहे. केंद्र गुजरातेत, व्याऱ्याजवळ, आम्ही खानदेशात. शिवाय ते तापीच्या खालच्या अंगाला. पाणी खालून वर चढत नाही, तेव्हा तिकडे काय व्हायचे ते होवो, आपल्या घागरीत त्याचा थेंबही यायचा नाही, असा हा हिशेब आहे. वरकरणी तो बिनचूक आहे. पाणी खालून वर चढत नाही. परंतु मासा चढतो. आणि पाण्याची मागणीही चढते. या दोन गोष्टी ज्याने ध्यानात घेतल्या त्याला नदीचे वरचे अंग आणि खालचे अंग अशी वाटणी करता येणार नाही.

तापी ही मध्य प्रदेशातील मुलताईला उगम पावून सुमारे 724 किलोमीटरचा प्रवास करीत सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. मधला मोठा टप्पा आपल्या खानदेशाचा. दोंडाईचाहून शहाद्याकडे जाताना सारंगखेड्याच्या पुलावर गाडी हळू झाली की वाचकांपैकी अनेकांनी हात जोडलेली माणसे पाहिली असतील. दत्तजयंतीला तेथे घोड्यांचा मोठा बाजार भरतो. हजारो लोक घोड्यांची चाल पाहतात, दात मोजतात. पुलाखालच्या पाण्याची चाल पाहणारा मात्र विरळा. खरे तर तेथे आता चाल उरलेलीच नाही. सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा अशी एकापाठोपाठ एक बॅरेजेस उभी राहिली आणि वाहते पाणी थांबते झाले. काठावरच्या एका वृद्ध भोईबाबांनी आम्हांला हे चार शब्दांत सांगितले, "फादर, नदी धरण व्हयी गयी." सेमिनरीत शिकलेल्या आम्हां मंडळींना त्याच गोष्टीसाठी चार पाने लागतात.

आता काकरापारकडे वळू. तेथे जड पाणी वापरणाऱ्या चार अणुभट्ट्या आहेत. प्रत्येकी 220 मेगावॅटच्या पहिल्या दोन 1993 आणि 1995 साली व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या. प्रत्येकी 700 मेगावॅटच्या पुढच्या दोन 2023 आणि 2024 साली त्या टप्प्याला पोहोचल्या. आपल्याच देशातील शास्त्रज्ञांनी आणि कारागिरांनी हे काम केले आहे, आणि त्याचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. आमच्या वसतिगृहातील मुले रात्री दिव्याखाली अभ्यास करतात, ती वीज कोठून तरी येतच असते. कोळशाच्या राखेची किंमत काय असते हे पाहावयाचे असेल तर भुसावळजवळ दीपनगरला जावे.

अणुवीज म्हटले की लोकांच्या मनात पहिली भीती किरणोत्साराची उभी राहते. ती अनाठायी नाही. जड पाण्याच्या भट्टीत ट्रिटियम नावाचा किरणोत्सारी हायड्रोजन तयार होतो. तो पाण्यातच पाणी होऊन मिसळतो, त्यामुळे गाळून काढता येत नाही, आणि निम्मा होण्यास त्याला सुमारे बारा वर्षे लागतात. 1994 च्या जून महिन्यात अतिवृष्टी होऊन केंद्रालगतच्या मोतीचेर तलावाचे पाणी आवारात शिरले होते. 11 मार्च 2016 रोजी पहिल्या भट्टीतील एका शीतक नलिकेला गळती लागून ती भट्टी दीर्घकाळ बंद ठेवावी लागली. हे सारे नोंदलेले आहे. त्याचबरोबर हेही नोंदलेले आहे की प्रत्येक अणुवीज केंद्राशेजारी भाभा अणुसंशोधन केंद्राची पर्यावरण प्रयोगशाळा असते, ती पाणी, दूध, भाजी, मासळी यांचे नमुने तपासते, आणि सामान्य माणसाला होणारा किरणोत्सार वर्षाला एक मिलीसीव्हर्ट या मर्यादेच्या पुष्कळच खाली असल्याचे अहवाल अणुऊर्जा नियामक मंडळ प्रसिद्ध करते. या भीतीवर निदान कोणी तरी पहारा ठेवून आहे.

आमची चिंता साध्या उष्णतेची आणि साध्या पाण्याची आहे. अणुभट्टीत निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी जेमतेम एक तृतीयांशाची वीज होते. उरलेली दोन तृतीयांश उष्णता कोठे तरी टाकावी लागते, आणि ती टाकण्याची जागा म्हणजे पाणी किंवा हवा. थेट पाण्यात टाकली तर पाणी तापते. वीस अंशांच्या एका लिटर पाण्यात सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला राहू शकतो. तेच पाणी तीस अंशांवर गेले की साडेसातच उरतो. उलट पाणी तापले की माशाची श्वासाची गरज वाढते. घरात माणसे वाढावीत आणि त्याच दिवशी पीठ कमी व्हावे, तशी ही अवस्था. खानदेशचा मे महिना ज्याने भोगला आहे त्याला अधिक सांगावयास नको.

म्हणूनच 1999 च्या जूननंतर सुरू होणाऱ्या आणि नदी-तलावांचे पाणी घेणाऱ्या औष्णिक केंद्रांनी कूलिंग टॉवर उभारलेच पाहिजेत, असा दंडक केंद्र सरकारने घातला. काकरापारच्या नव्या भट्ट्यांना असे उंच मनोरे आहेत. त्यांमुळे नदी तापत नाही, पण पाणी वाफ होऊन उडून जाते. अशा मनोऱ्यांत एका युनिट विजेमागे अडीच लिटरच्या आसपास पाणी उडते असे धरले, तर 700 मेगावॅटची एक भट्टी पूर्ण क्षमतेने चालताना तासाला साडेसतरा लाख लिटर पाणी आभाळाला देते. पावसाळ्यात तापीला हे जाणवणारही नाही. उन्हाळ्यात मात्र हे पाणी उकाई धरणातूनच यावे लागते, आणि उकाईत ते वरून, म्हणजे आपल्याकडून यावे लागते. मागणी चढते म्हणतो ती अशी.

आम्ही मूळचे वसईकडचे. आमच्या जन्माच्या आगेमागेच, 1969 साली, तारापूरचे केंद्र सुरू झाले. तेथील ऊन पाणी समुद्रात जाते आणि त्याबद्दल किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांची गाऱ्हाणी आहेतच. तरी समुद्र अफाट आहे. नदीचे तसे नाही. फ्रान्ससारख्या देशात 2003 आणि पुन्हा 2022 च्या उन्हाळ्यात ऱ्होन व गारोन नद्या इतक्या तापल्या की काठच्या अणुभट्ट्यांची वीज कमी करावी लागली, आणि काही ठिकाणी नियम तात्पुरता शिथिल करून नेहमीपेक्षा ऊन पाणी नदीत सोडण्याची मुभा दिली गेली. श्रीमंत आणि शिस्तीच्या देशात नियम वाकतो, तो अशा दिवशी, नदी सर्वांत दुबळी असते तेव्हा.

मग काकरापारने तापीचे मासे संपवले काय? नाही, आणि असे म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत होणार नाही. हिलसा मासा, ज्याला आपल्या किनाऱ्यावर पाला म्हणतात, तो अंडी घालण्यासाठी समुद्रातून तापीत चढत असे. त्याच्या वाटेवर काकरापारचा बंधारा 1954 च्या सुमारास उभा राहिला; 1972 साली उकाईचे धरण पूर्ण झाले आणि शंभराहून अधिक गावे पाण्याखाली गेली; पुढे सुरतेजवळ सिंगणपोरचा बंधारा आला. वीज केंद्र आले तेव्हा नदी आधीच तुकड्यातुकड्यांची झालेली होती. आमचा मुद्दा नेमका येथे आहे. कोणताही पर्यावरण-आढावा 'पूर्वी' आणि 'नंतर' यांची तुलना करतो. पण 'पूर्वी' म्हणजे केव्हा? अहवाल लिहिणारा ज्या दिवशी नमुन्याची बाटली घेऊन काठावर उतरतो, तो त्याचा 'पूर्वी'. पाला त्या 'पूर्वी'त नसतोच, म्हणून तो 'नंतर'मध्ये नाही याची नोंदही होत नाही. बंधाऱ्याने केलेली हानी धरणाच्या आढाव्यात साहजिक ठरते, धरणाने केलेली हानी वीज केंद्राच्या आढाव्यात. प्रत्येक जण खरेच सांगतो की आमच्यामुळे फारसा फरक पडला नाही, आणि नदी मात्र दरवेळी थोडी कमी होते.

दुसरी गोष्ट, आढाव्यासाठी केंद्राभोवती काही किलोमीटरचे वर्तुळ आखतात. हवेला वर्तुळ ठीक आहे, धूर चहूकडे जातो. नदी एका दिशेने वाहते आणि मासा तिच्यात दोन्ही दिशांनी फिरतो. मुलताईपासून डुमसपर्यंतच्या नदीवर एक वाटोळे ताट उपडे ठेवून आत सापडेल तेवढ्याचे मोजमाप करण्याचा हा प्रकार आहे. सारंगखेड्याचा भोई त्या ताटाखाली कधीच येणार नाही.

लोकांना विचारण्याची सोय कायद्यात आहे. पर्यावरण-आघात मूल्यमापनाची अधिसूचना 1994 साली निघाली, जाहीर सुनावणी 1997 साली बंधनकारक झाली. काकरापारच्या पहिल्या दोन भट्ट्यांचा निर्णय त्याच्या कितीतरी आधीचा. आपल्या दारातले उदाहरण घ्या. दोंडाईचाजवळ विखरणला कोळशाच्या वीज केंद्रासाठी 2009 पासून जमिनी घेतल्या गेल्या. केंद्र झाले नाही, पुढे तेथे सौरऊर्जेचा बेत आला. परंतु जमिनीचा रास्त मोबदला मागता मागता विखरणचे वृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांनी 22 जानेवारी 2018 रोजी मंत्रालयात विष घेतले आणि 28 जानेवारीला ते गेले. ज्याच्या नावावर सातबारा होता त्याचे ऐकण्याची ही तऱ्हा. नदीतल्या मासळीचा सातबारा कोणाच्या नावावर आहे?

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात या विषयाला स्वतंत्र जागा दिली, हे आपल्या अनेक कुटुंबांच्या वाचनातून निसटले असावे. पर्यावरणाचा आढावा हा योजना ठरल्यानंतर जोडावयाचा कागद नव्हे, तो आरंभापासून हवा, उघड हवा, पैशाच्या आणि सत्तेच्या दडपणापासून मुक्त हवा, आणि स्थानिक लोकांना त्यात विशेष स्थान हवे, असा त्याचा आशय आहे. आम्ही तो भाग एका रविवारी प्रवचनात समजावून सांगितला. नंतर आवारात एका आजींनी विचारले, "फादर, मग आपल्या नदीचा असा कागद कोणी केला आहे का?"

संपूर्ण तापीचा, मुलताईपासून डुमसपर्यंतचा, मे महिन्यातला, तीनही राज्यांनी मिळून केलेला एकच कागद असावा, अशी आमची मागणी आहे. त्यात प्रत्येक बंधाऱ्याचे आणि प्रत्येक वीज केंद्राचे पाणी एकाच बेरजेत मांडावे. आणि कोणता मासा कोठवर येत असे हे काठावरच्या म्हाताऱ्या भोयांना, भिल्लांना व गामितांना ते हयात असेपर्यंत विचारून घ्यावे. सारंगखेड्याच्या भोईबाबांना आम्ही पाल्याविषयी विचारले. त्यांनी तो कधी पाहिलेला नाही. महसीर त्यांनी पाहिला आहे, लहानपणी, वडिलांच्या जाळ्यात, आणि तो केवढा होता ते दाखवताना त्यांचे दोन्ही हात पसरूनही पुरेनात.