अतिरिक्त

सरकारी मराठीत 'अतिरिक्त' हा शब्द मोठा सोयीचा आहे. शिक्षक अतिरिक्त होतात, खोल्या अतिरिक्त होतात आणि एखादे दिवशी सबंध शाळाच अतिरिक्त ठरते. दिवाळीच्या तोंडावर आपल्या घरीही हा प्रश्न 'अडगळ' या नावाने माळ्यावरून खाली उतरतोच. पण जुने घंगाळ मोडीत घालायचे की नाही, हे ज्यांनी त्यातले ऊन पाणी अंगावर घेतले, तेच ठरवतात. शाळेच्या बाबतीत तसे घडतेच असे नाही.

मी वालूरचा. सेलू तालुक्यातल्या आमच्या या गावाच्या शिवाराला लागून असलेल्या एका वस्तीवर दोन खोल्यांची शाळा आहे. वस्तीचे नाव सांगत नाही. तिथली माणसे अजून एकमेकांशी बोलतात, ती तशीच बोलत राहावीत. एका शेतकऱ्याने जागा दिली, बाकीच्यांनी दगड वाहिले, अशी ती उभी राहिली. पुढे पट घसरत घसरत नऊवर आला, शाळेला कुलूप लागले आणि मुले ओढ्यापलीकडच्या गावी जाऊ लागली.

यात नवल काहीच नाही. २०१७ साली राज्यात दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा जवळच्या शाळांत मिसळण्याचे ठरले होते. २०२३ च्या सप्टेंबरात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी 'समूह शाळा' ही कल्पना पुढे आली. पानशेत आणि तोरणमाळ ही तिची उदाहरणे दिली गेली. मोठ्या शाळेत प्रत्येक वर्गाला शिक्षक मिळतो, सवंगडी मिळतात, हे खरेच आहे. शिक्षण हक्काच्या नियमांत पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत असावी असे म्हटले आहे. मात्र तेवढ्या परिसरात किमान २० मुले हवीत. नऊ मुलांचे पाय ही अट वाचून दुखायचे थांबत नाहीत, एवढेच.

शाळा रिकामी झाली की जागेला भाव येतो. शहरात तर तो डोळे दिपवणारा असतो. तिथे निदान कायद्याची एक पायरी आहे. विकास आराखड्यात शाळेसाठी राखलेल्या जागेचे आरक्षण बदलायचे, तर १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे नोटीस काढावी लागते, महिनाभर लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात आणि मग सरकारची मंजुरी घ्यावी लागते. पण ती नोटीस वाचतो कोण? आपण वर्तमानपत्राचे ते पान चिवड्याखाली अंथरतो!

वस्तीवरच्या शाळेचा विषय ग्रामसभेत निघाला, तेव्हा मी पाहुणा म्हणून मागे बसलो होतो. शाळा पाडून गाळे काढावेत, भाड्यातून पाण्याची टाकी दुरुस्त करावी, असा ठराव करून जिल्हा परिषदेकडे पाठवायचा होता. सरपंचांचा हिशेब मुळीच वाईट नव्हता. टाकी खरोखरच गळत होती. तेवढ्यात एक म्हातारी उठून म्हणाली, "बापू, गाळे काढा नाहीतर माडी बांधा. पर वढ्याला पाणी आल्यावर लेकरं कुठून जातील, ते आधी सांगा."

"मावशी, तो विषय निराळा आहे," सरपंच म्हणाले.

"निराळा कसा? कुलूप लागलं म्हणूनच लेकरं वढ्यात उतरली ना?"

सभेत कोणी बोलेना. विषय पुढच्या सभेवर गेला.

मला आमच्या वालूरची बारव आठवली. चक्राकार पायऱ्यांची ती सुरेख विहीर गाळाने आणि कचऱ्याने भरून गेली होती. नळ आल्यावर तिला कोण विचारतो? तीही अतिरिक्तच झाली होती. मग गावकऱ्यांनीच हात लावला, गाळ काढला, आणि आज लांबून माणसे ती पाहायला येतात. ती बुजवून कोणी जागा मोजली असती, तर ती फार थोडी भरली असती.

प्रत्येक बंद शाळा पुन्हा भरेल असे मी म्हणत नाही. कुठे वाचनालय होईल, कुठे बालवाडी, कुठे गाळेही होतील. पण जागेचा हिशेब मांडण्याआधी मुलांचा मांडावा. वस्तीवरच्या सभेची तारीख अजून निघायची आहे. आणि यंदाचा पावसाळा संपला असला, तरी पुढचा काही चुकत नाही.