पीथमपुरास जाताना मुक्काम कोठे करावा?

पूर्वी खेड्यातील मुलगा नोकरीसाठी घराबाहेर पडला की तो बहुधा मुंबईस किंवा पुण्यास जात असे आणि तेथे कोणी ना कोणी आप्त असेच. मावशीच्या चाळीतील गॅलरीत पथारी पसरली म्हणजे मुक्कामाचा प्रश्न मिटे. आता कारखाने दूरदूरच्या प्रांतांत पसरले आहेत आणि आपली मुलेही त्यांच्यामागून निघाली आहेत. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात, इंदूर शहरापासून सुमारे पंचवीस-तीस किलोमीटरांवर असलेले पीथमपुर हे अशांपैकीच एक गाव. मुलास किंवा मुलीस तेथून मुलाखतीचे बोलावणे येते. पुढे नोकरी लागली की सहा महिन्यांनी आईवडील भेटीस निघतात. तेथे मावशी नाही, काका नाही, ओळखीचे धर्मगुरूही नाहीत. अशा वेळी मोठ्या शहरातील मुक्काम कसा निवडावा, याचा विचार करावयाचा आहे.

प्रथम पीथमपुराची ओळख करून घेऊ. १९८० नंतरच्या दशकात येथील माळरानावर औद्योगिक वसाहत उभी राहू लागली. आज आयशरचे मालमोटारींचे कारखाने, पूर्वी बजाज टेंपो या नावाने आपल्याला ठाऊक असलेली फोर्स मोटर्स, ब्रिजस्टोनचा टायरांचा कारखाना, तसेच सिप्ला व ल्युपिन यांचे औषधांचे कारखाने तेथे आहेत. वाहनांची परीक्षा घेण्यासाठी बांधलेली ११.३ किलोमीटर लांबीची लंबवर्तुळाकार धावपट्टी २०२१ साली तेथे सुरू झाली. २०११ च्या जनगणनेत गावाची वस्ती सव्वा लाखाच्या आसपास भरली होती. कारखाने सेक्टरांत विभागले आहेत आणि एका सेक्टरापासून दुसरा काही किलोमीटर दूर असू शकतो. म्हणून ‘पीथमपुर’ एवढाच पत्ता पुरेसा नाही. सेक्टरचा क्रमांक आणि कारखान्याचे फाटक कोणत्या रस्त्यावर आहे, हे आधी विचारून ठेवावे.

अनोळखी शहरात जाताना जाणते लोक सांगतात की, एखाद्या नावाजलेल्या कंपनीच्या हॉटेलात उतरावे. एकाच नावाची हॉटेले गावोगावी चालविण्याची ही पद्धत आता आपल्याकडेही रुळली आहे. ज्या कंपनीने १९०३ साली मुंबईत ताजमहाल हॉटेल उघडले, तिनेच २००४ साली बंगळूर येथे साध्या प्रवाशांना परवडेल असे हॉटेल सुरू केले. पुढे त्या हॉटेलांना ‘जिंजर’ हे नाव मिळाले. या सल्ल्यात तथ्य आहे. नावाजलेल्या हॉटेलात चादर स्वच्छ मिळते, पावती मिळते, रात्री उशिरा पोहोचले तरी फाटकावर कोणी जागे असते आणि एकट्या मुलीस किंवा वृद्ध आईस निर्धास्त वाटते.

परंतु या नावाचा आधार कोठपर्यंत आहे, हेही ओळखले पाहिजे. पुष्कळ ठिकाणी इमारत स्थानिक मालकाची असते. मोठी कंपनी तिला आपले नाव, आपले नियम आणि कधी कधी आपले व्यवस्थापक देते. त्यामुळे खोली, पलंग व न्याहारी सगळीकडे एका मापाची असतात. मात्र हॉटेलाबाहेरचा रस्ता, त्यावरील गर्दी, रात्रीचा गोंगाट, बस स्थानकाचे अंतर आणि चर्चचे अंतर यांवर कोणत्याही कंपनीची सत्ता चालत नाही. चादर कंपनीची असते, रस्ता शहराचा असतो. म्हणून वस्ती आधी निवडावी आणि हॉटेलचे नाव मागून पाहावे.

आता इंदूर शहराचा नकाशा डोळ्यांपुढे आणू. मराठी माणसास हे शहर अगदीच परके नाही. होळकरांची ही राजधानी. पुण्यश्लोक अहिल्यादेवींनी १७६७ पासून १७९५ पर्यंत राज्य केले ते महेश्वराहून, पण शहराच्या विमानतळास आज त्यांचेच नाव आहे. रेल्वे स्थानकाजवळील सरवटे बस स्थानकास संविधान सभेचे सदस्य विनायक सीताराम सरवटे यांचे नाव आहे. जवळची धार व देवास ही पवारांची संस्थाने; दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचा जन्म १७७५ साली धारच्या किल्ल्यातच झाला. त्यामुळे शहरात मराठी बोलणारी जुनी घराणी भेटतात आणि राजेंद्रनगरसारख्या वस्तीत तर आपली भाषा रस्त्यावरही कानी पडते.

शहराच्या मध्यभागी रेल्वे स्थानक, सियागंज, छावणी आणि रवींद्रनाथ टागोर मार्ग हा भाग येतो. मुंबई सेंट्रलहून अवंतिका एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून सकाळी उतरणाऱ्यास हा भाग सोयीचा. येथे लहान लॉजही आहेत आणि टागोर मार्गावर लेमन ट्रीसारखे नावाजलेले हॉटेलही आहे. थोडे पश्चिमेस राजवाडा व सराफा बाजार लागतो. सराफ्यात दागिन्यांची दुकाने मिटली की रात्री खाद्यपदार्थांची दुकाने मांडली जातात आणि उत्तररात्रीपर्यंत वर्दळ असते. भुट्ट्याचा कीस व गरम जिलबी खावयास तेथे अवश्य जावे; मात्र पहाटे पाचला उठून कारखान्याच्या फाटकावर जावयाचे असेल, तर त्या गजबजाटाशेजारी झोपावयास जाऊ नये. रंगपंचमीस राजवाड्याभोवती ‘गेर’ निघते, तेव्हा तर त्या भागातील वाटाच बंद होतात. तो दिवस प्रायश्चित्तकाळाच्या सुमारास येतो, हे कॅलेंडरात पाहून ठेवावे.

ईशान्येस विजयनगर आहे. हे नव्या इंदुरचे तोंड. सयाजी, मॅरियट अशी मोठी हॉटेले याच बाजूस आहेत, रॅडिसन ब्लू रिंग रोडवर आहे आणि बाँबे हॉस्पिटलही जवळच आहे. रस्ते रुंद, दिवे भरपूर. चित्रे पाहून खोली ठरविणारा मनुष्य सहसा येथेच येऊन पोहोचतो. पण पीथमपुर आहे नैऋत्येस आणि विजयनगर आहे ईशान्येस! म्हणजे सकाळी सर्व शहर ओलांडावयाचे आणि सायंकाळी पुन्हा ओलांडावयाचे. वर्दळीच्या वेळी एका खेपेस तास-दीड तास सहज मोडतो. याउलट ज्याचा मुलगा देवासला, तेथील बँक नोट प्रेसमध्ये किंवा एखाद्या कारखान्यात आहे, त्यास विजयनगर अगदी योग्य. कारण देवासचा रस्ता त्याच बाजूने जातो. तेच हॉटेल, तीच खोली, तेच भाडे. एकास सोयीचे आणि दुसऱ्यास गैरसोयीचे.

पीथमपुरासाठी शहराची पश्चिम व नैऋत्य बाजू पाहावी. धार रस्त्याच्या बाजूस गंगवाल बस स्थानक आहे. राजेंद्रनगर, राऊ आणि पुढे महू अशी वस्ती जुन्या मुंबई-आग्रा रस्त्याने लागत जाते. महूचे नाव २००३ साली डॉ. आंबेडकर नगर असे झाले. बाबासाहेबांचा जन्म तेथे १४ एप्रिल १८९१ रोजी झाला. त्या तारखेच्या आसपास तेथे देशभरचे लोक येतात, तेव्हा खोली मिळणे कठीण जाते. महूहून नीमचकडे जाणारा रस्ता पीथमपुरातूनच जातो. नाशिक, नगर, धुळे या भागांतून मोटारीने येणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. सेंधव्यावरून येऊन, खलघाटास नर्मदा ओलांडून, मानपूरचा घाट चढले की महू व राऊ आधी लागतात, इंदूर मागाहून. त्यांनी शहराच्या मध्यात शिरून पुन्हा उलट यावे, याला काही अर्थ नाही. मनमाड ते इंदूर या ३०९ किलोमीटरांच्या रेल्वेमार्गास सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आहे. तो पुरा झाला म्हणजे या भागांतील लोकांचा प्रवास पालटेल.

पीथमपुरातच उतरावे काय? कामासाठी आलेल्यास ते सर्वांत जवळचे. पण ही कारखान्यांची वसाहत आहे, मालमोटारी रात्रंदिवस धावतात आणि हवेचा प्रश्नही आहेच. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातील सुमारे ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये येथे आणला गेला, तेव्हा गावकऱ्यांनी मोठा विरोध केला. उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली तो त्याच वर्षी जूनअखेरपर्यंत जाळण्यात आला. गावातील आईबापांना जी काळजी वाटली, ती आपल्याही आईबापांना वाटणे साहजिक आहे. म्हणून दोन रात्रींच्या मुक्कामापेक्षा मुलाची भाड्याची खोली कोणत्या वस्तीत आहे, पाणी कोठून येते, रात्रपाळीहून परतताना वाट कशी आहे, हे पाहणे अधिक महत्त्वाचे.

आणि येथेच या सर्व विचाराचे मर्म आहे. आईबाप इतक्या दूर जातात ते हॉटेलचा दिवाणखाना पाहण्यासाठी नव्हे. मुलास आठवड्यातून सुट्टी एकच आणि पाळ्यांच्या कारखान्यात ती रविवारीच असेल असेही नाही. त्या एका दिवसातील तीन तास रस्त्यावर गेले, तर आईने मुलाच्या स्टोव्हवर आपल्या हातची भाकरी केव्हा करावी आणि बापाने त्याच्या मनातले केव्हा विचारावे? एकट्या राहणाऱ्या मुलाचे अर्धे दुःख तो फोनवर सांगत नाही. ते त्याच्या खोलीच्या कोपऱ्यात दिसते. मुक्काम जवळ असला तर ते पाहावयास वेळ मिळतो.

रविवारच्या मिस्साचाही विचार वस्ती निवडतानाच करावा. इंदूर हे धर्मप्रांताचे ठिकाण आहे. १९३५ साली येथे स्वतंत्र मिशन-क्षेत्र स्थापन झाले आणि १९५२ साली त्याचा धर्मप्रांत झाला. दिव्य शब्द संघाच्या मिशनऱ्यांनी हे कार्य वाढविले. असिसीकर संत फ्रान्सिस यांच्या नावाचे कॅथेड्रल शहरात आहे. लोक त्यास ‘रेड चर्च’ म्हणतात. रिक्षावाल्यास ‘चर्च’ एवढेच सांगू नये, कारण ‘व्हाइट चर्च’ म्हणून ओळखले जाणारे प्रॉटेस्टंट बंधूंचे जुने मंदिरही शहरात आहे. स्थानक व टागोर मार्गाच्या बाजूस उतरणाऱ्यास कॅथेड्रल जवळ पडते. राऊ किंवा महूकडे उतरणाऱ्याने जवळचे चर्च व मिस्साची वेळ आधीच विचारून ठेवावी आणि मुलाची ओळख तेथील धर्मगुरूंशी करून द्यावी. परप्रांतात राहणाऱ्या मुलास अशी एक ओळख फार मोठा आधार असते.

ज्यांच्याजवळ आणखी एक दिवस असेल, त्यांनी देवास जिल्ह्यातील उदयनगरास जावे. तेथे धन्यवादित सिस्टर राणी मरिया यांची समाधी आहे. केरळात जन्मलेल्या या फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट भगिनीने सावकारी पाशात अडकलेल्या आदिवासी शेतकऱ्यांसाठी कार्य केले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी उदयनगराहून इंदूरला येणाऱ्या बसमध्येच त्यांची हत्या झाली. २००२ साली त्यांच्या धाकट्या भगिनी सिस्टर सेल्मी यांनी तुरुंगात जाऊन मारेकरी समुंदरसिंह याच्या हातास राखी बांधली व त्यास भाऊ मानले. २००६ साली तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे सिस्टरांना धन्यवादित घोषित करण्यात आले. उदयनगर शहराच्या आग्नेयेस आणि पीथमपुर नैऋत्येस. दोन्ही एका दिवसात उरकण्याचा हट्ट धरू नये. यात्रेच्या दिवसासाठी शहराच्या मध्यभागी मुक्काम केला, तर आदल्या सायंकाळी कॅथेड्रलमध्ये प्रार्थनाही करता येईल.

खोली ठरविण्यापूर्वी काही गोष्टी फोनवर स्पष्ट विचाराव्यात. हॉटेल नेमके कोणत्या रस्त्यावर आहे? मुलाच्या फाटकापर्यंत सकाळी सातला निघाल्यास किती वेळ लागतो? खोली कोणत्या वेळी ताब्यात मिळते? सकाळच्या गाडीने येणाऱ्यास दुपारपर्यंत खोली मिळत नाही, हे पुष्कळदा ऐनवेळी कळते. न्याहारी भाड्यात धरली आहे काय आणि ती लवकर मिळते काय? करासह एकूण किती? सप्टेंबर २०२५ पासून दररोज साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर पाच टक्के जीएसटी लागतो. स्वस्त दिसणारी दूरची खोली रिक्षा-टॅक्सीचे भाडे मिळविल्यावर महाग ठरते, हा हिशोब घरीच कागदावर मांडावा. सर्वांची ओळखपत्रे सोबत ठेवावीत. २०२८ साली उज्जैनला सिंहस्थ आहे. त्या दिवसांत इंदूरच्या खोल्या फार आधी भरतील.

बेथलेहेमात पवित्र कुटुंबास जागा मिळाली नाही, ही कथा आपण दर नाताळास ऐकतो. परगावी जागा शोधणाऱ्याच्या मनाची घालमेल आपल्याइतकी कोणास कळावी? म्हणून जो मुलगा आज पीथमपुरात स्थिर झाला आहे, त्याने आपल्या धर्मग्रामातून उद्या मुलाखतीस येणाऱ्या दुसऱ्या मुलास दोन ओळी लिहून कळवाव्यात: कोणत्या वस्तीत उतरावे, बस कोठे मिळते, मिस्सा किती वाजता असते. आणि निघणाऱ्याने आपल्या मुक्कामाचा पत्ता व फोन क्रमांक कागदावर लिहून घरी ठेवल्याशिवाय गाव सोडू नये.