स्मृतीचा आकडा

वेरूळच्या लेण्यांचे क्रमांक पाहून पुष्कळ यात्रेकरूंचा एक समज होतो. पहिल्या क्रमांकाचे लेणे सर्वांत जुने आणि चौतिसावे सर्वांत अलीकडचे, असे त्यांना वाटते. वस्तुतः हे क्रमांक डोंगराच्या कड्यालगत दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना ओळीने दिलेले आहेत. निर्मितीच्या काळाशी त्यांचा संबंध नाही. एकोणतिसावे धुमार लेणे सहाव्या शतकातील मानले जाते, तर सोळावे कैलास लेणे आठव्या शतकातील. तिसाव्यापासूनची जैन लेणी नवव्या-दहाव्या शतकांतील, त्यामुळे तेथे क्रम आणि काळ जुळतात; पण तो योगायोग. आकडा खोटा नसतो, तो कशाचा आहे हे पाहणाऱ्याला ठाऊक नसते एवढेच.

माणसाच्या स्मरणशक्तीला, एकाग्रतेला आणि आकलनाला असाच आकडा देण्याची रीत आता मोबाईलच्या पडद्यावरून घरोघर पोहोचली आहे. याच डोंगराच्या परिसरातील एका आडत दुकानाच्या वयोवृद्ध मालकांच्या बाबतीत तो आकडा पाहून सारे घर काही महिने निर्धास्त राहिले.

घरात त्यांना सर्वजण अण्णा म्हणतात. वय शहात्तर. मका, कापूस, आले अशा मालाचा व्यवहार त्यांनी पन्नास वर्षे सांभाळला. पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, अडीचकी सारे मुखोद्गत. हमाली-तोलाई वजा करून पट्टीची रक्कम ते कागद न घेता सांगत. भक्तामर स्तोत्राचे अठ्ठेचाळीस श्लोक आजही एकही अक्षर न अडखळता म्हणतात. पुण्यात शिकणाऱ्या नातवाने सुट्टीत आपल्या मोबाईलवरची स्मरणचाचणी खेळ म्हणून त्यांच्याकडून करून घेतली, तेव्हा उलट क्रमाने आकडे सांगणे आणि भराभर वजाबाकी करणे यांत त्यांनी नातवालाच मागे टाकले. पडद्यावर निकाल उमटला : वयोमानाच्या मानाने उत्तम.

सुनेला तो पटला नाही. अण्णा सकाळी दूध आले का हे तीनदा विचारतात, मंदिरातून दर्शन करून आल्यावर तासाभराने पुन्हा मंदिरात जायला निघतात, हे तिने पाहिले होते. एके दिवशी तिने धाकट्या दिराजवळ विषय काढला. "भाऊजी, अण्णांनी आज एकाच शेतकऱ्याची पट्टी दोनदा केली." त्यावर उत्तर आले, "वहिनी, वयोमानाने व्हायचंच. पण हे घराबाहेर जाऊ देऊ नका. बाजारातली पत जाईल."

या उत्तराला निष्ठुर म्हणता येत नाही. शेतकरी मालाचे पैसे विश्वासाने दुकानात ठेवून जातो, तो मालकाच्या शब्दावर. घरातल्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असताना 'आजोबांचे डोके फिरले' अशी एक कुजबुजही पुरेशी होते. व्यापारी कुटुंबांत मनाच्या आणि मेंदूच्या आजारांबाबत जे मौन पाळले जाते, त्यामागे बहुधा अज्ञानापेक्षा पतीचा हिशेबच अधिक असतो. मात्र त्या हिशेबात दोनदा दिल्या गेलेल्या पट्टीची रक्कम कोणी धरत नाही.

सुनेने वाद घातला नाही. जुन्या खतावणीच्या उरलेल्या कोऱ्या पानांवर ती तारीखवार नोंदी करू लागली : कोणता प्रश्न किती वेळा विचारला, जेवण किती घेतले, रात्री झोप लागली का. पार्श्वनाथाच्या डोंगरावरून उतरताना ओळखीच्या वाटेवर अण्णा गोंधळले, तो दिवसही तिने लिहिला. चार महिन्यांनी ती वही घेऊन पती-पत्नी अण्णांना शहरातील मनोविकारतज्ज्ञांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी मोबाईलमधला निकाल बाजूला ठेवला आणि आधी वही वाचली.

तपासणीत तीन गोष्टी पुढे आल्या. अण्णांना उजव्या कानाने फारच कमी ऐकू येत होते. रक्तातील ब-१२ जीवनसत्त्व पुष्कळ खाली गेले होते. आणि दोन वर्षांपूर्वी पत्नी गेल्यापासून त्यांना नैराश्याने ग्रासले होते, जे घराने त्यांची विरक्ती समजून घेतले होते. या तिन्हींमुळे विस्मरण होऊ शकते आणि तिन्हींवर उपाय आहेत. शाकाहारी घरांनी ब-१२ची गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे. हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य आहारात जवळजवळ नसते. शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दुधातून मिळते, आणि उतारवयात त्याचे शोषण मंदावते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पुणे परिसरातील मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोन तृतीयांशांमध्ये ब-१२ कमी आढळले होते. कमतरता वेळीच भरून काढली तर बुद्धीवर आलेली झापड बरीच उतरते. फार उशीर झाला तर मात्र सारे परत येत नाही.

इंजेक्शने, नैराश्यावरील औषध आणि कानाचे यंत्र यांनी सहा महिन्यांत अण्णांत फरक पडला. दुबार पट्टी थांबली. ताज्या घटना मात्र अजूनही निसटतात, आणि त्यामागे स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे का, हे डॉक्टर दर सहा महिन्यांनी पाहणार आहेत.

मग मोबाईलचा निकाल चुकला का? त्याने आकडेमोड मोजली, आणि ती उत्तमच होती. जे पाठांतर बालपणापासून हजारो वेळा घोटले गेले आहे, ते स्मृती ढासळू लागली तरी दीर्घकाळ टिकते; आधी जाते ते कालचे आणि आजचे. उलट बाजूनेही अशीच फसगत होते. शाळेची पायरी न चढलेली, पण मोठा संसार निगुतीने चालवणारी आजी पडद्यावर बोट टेकवायलाच बिचकते आणि तिचे गुण उगीचच खाली येतात.

ही अडचण संशोधकांना फार पूर्वी जाणवली आहे. १९७५ साली अमेरिकेत तयार झालेल्या तीस गुणांच्या प्रसिद्ध चाचणीत वाचणे आणि लिहिणे गृहीत धरलेले होते. हरियाणातील बल्लभगढ येथे मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी तिचे हिंदी रूप घडवले आणि १९९५ साली प्रसिद्ध केले. त्यात वाक्य लिहून दाखवण्याऐवजी आपल्या घराविषयी काहीतरी सांगायचे असते, आणि लेखी सूचना वाचून ती पाळण्याऐवजी समोरचा करील तसे करून दाखवायचे असते. प्रश्न बदलला म्हणून चाचणी सोपी झाली नाही. ती त्या माणसाची झाली.

मुंबईत देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये भारतातील वार्धक्याचा जो दीर्घकालीन अभ्यास सुरू केला, त्यात पंचेचाळीस वर्षांवरील बहात्तर हजारांहून अधिक लोकांच्या मुलाखती संगणकाच्या साहाय्याने घेण्यात आल्या. त्याच्याशी जोडलेल्या स्मृतिभ्रंशविषयक अभ्यासात, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या सहभागाने, साठीपुढील ४,०९६ जणांची सविस्तर तपासणी झाली. निष्कर्ष असा : साठीपुढील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे देशात अंदाजे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आहे. या अभ्यासाची रीतही नोंद घेण्याजोगी आहे. अडीच हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती संगणकाच्या जाळ्यातून तज्ज्ञांपुढे ठेवली गेली, प्रत्येकाने आपले मत स्वतंत्रपणे नोंदवले आणि मतभेद असेल तेथे चर्चा करून निर्णय केला. त्या माहितीत चाचणीच्या गुणांबरोबर घरच्या माणसाची मुलाखतही होती. सुनेच्या वहीला शास्त्रात असे स्थान आहे.

यंत्राचा खरा उपकार अंतर कमी करण्यात आहे. वेरूळहून छत्रपती संभाजीनगर तीस किलोमीटर. तरी वृद्धाला घेऊन जायचे तर दुकानातील एका माणसाचा दिवस जातो, आणि आतल्या तालुक्यांतील लोकांचे हाल याहून मोठे. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयाच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने २०१३ ते २०१५ या काळात नाशिक जिल्ह्यातील ४१ गावांत 'आत्मीयता' नावाचा प्रयोग केला. गावातीलच स्वयंसेवकांना समुपदेशनाचे साधे कौशल्य शिकवले, हाती स्मार्टफोन दिले. त्यावरील लहान चित्रफिती दाखवून ते बेरोजगारी, घरातील कलह अशा दुःखांविषयी लोकांना बोलते करीत. फोन निमित्तमात्र होता, बोलणारे गावचेच होते. केंद्र शासनाची टेलि-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी, विनामूल्य आणि मराठीत बोलता येते. फोन रुग्णानेच करावा असे नाही. घरची सून किंवा मुलगाही करू शकतो.

बाजारात मिळणाऱ्या स्मरणवर्धक ॲपांची गोष्ट निराळी. ल्युमोसिटी या गाजलेल्या ॲपच्या कंपनीने, मेंदूच्या खेळांनी वार्धक्यातील विस्मरण लांबवता येते अशा जाहिराती पुरेशा आधाराविना केल्याचा आरोप अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ठेवला आणि २०१६ साली कंपनीला वीस लाख डॉलर भरून तो मिटवावा लागला. मालाचे वजन स्वतः करून घेणाऱ्या व्यापाऱ्याने येथेही दावा तोलून घ्यावा. शिवाय ही यंत्रे दुसऱ्याच घरांची कल्पना करून बनवलेली असतात. अण्णांच्या औषधाची आठवण नातवाने मोबाईलवर लावून दिली, ती रात्री नऊची, जेवणानंतरची. सूर्यास्तापूर्वी जेवून नंतर पाणीही न घेणाऱ्या माणसाने ती रोज ऐकली आणि गोळी रोज तशीच ठेवली. डॉक्टरांना हे कळताच त्यांनी औषधाची वेळ संध्याकाळच्या जेवणाशी जोडून दिली. पर्युषणातील उपवासापूर्वी विचारून जाण्यासही सांगितले, कारण मनोविकारावरील काही औषधे, विशेषतः लिथियम, निर्जळी उपवासात अपायकारक ठरू शकतात.

पहिल्या चाचणीच्या वेळी ती कशासाठी आहे हे अण्णांना कोणी सांगितले नव्हते, आणि मोबाईलमधून त्यांची उत्तरे कोठे गेली हेही कोणी पाहिले नव्हते. २०२३च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने अशा माहितीसाठी संमतीची अट घातली आहे. सहा महिन्यांनंतरच्या चाचणीपूर्वी डॉक्टरांनी अण्णांनाच विचारले, तपासू का, आणि निकाल कोणाला सांगू? अण्णांनी मुलाचे नाव घेतले, थोडे थांबले, आणि म्हणाले की सूनबाईंनाही सांगा, त्या लिहून ठेवतात.