नावाचा रकाना

काल शनिवार, म्हणून कांदे आणायला पंचवटीच्या मार्केट यार्डात गेलो. ओळखीचे एक हमालकाका भेटले. म्हणाले, "पोरगा गोदामात लागलाय. हातात मशीन देत्यात, तासाला किती नग उचलले ते मोजतंय." मी गप्प. तसलंच सॉफ्टवेअर लिहून माझं घर चालतं हो!

काकांच्या पाठीशी १९६९ चा माथाडी कायदा आहे. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईतल्या हमालांना एकत्र आणलं, संप-मोर्चे झाले, तेव्हा कुठे तो आला. मालक मजुरी आणि वर लेव्ही माथाडी मंडळात भरतो. मंडळ मजुरी देतं, भविष्यनिर्वाह निधी, बोनस सांभाळतं. मालक बदलला तरी खातं तेच. एप्रिल २०२४ मध्ये हमाली-तोलाई-लेव्हीच्या वादात जिल्ह्यातले कांद्याचे लिलाव बंद पडले होते, आठवतंय? तेव्हा मीही वैतागलो होतो.

पोरगा कंत्राटावर. "युनियन करा म्हटलं, तर म्हणतो, शेजारच्याचं नावसुद्धा ठाऊक नाही."

उद्या हापिसात तीच फाईल उघडायचीय. तिच्यात प्रत्येक कामगाराला नंबर आहे. नावाचा रकाना होता, तो मीच काढला. गरज नाही म्हणून.